भोंगाकाकांचा आवाज

वादळ गेलं आणि गाव मुकं झालं. वीज नाही, फोन नाहीत. नगरपालिकेचं छप्पर समोरच्या मैदानात उलटं पडलेलं. बोलत होते ते फक्त भोंगाकाका.

त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं वापरात यायचं. एरवी ते भोंगाकाकाच. तरुणपणी सायकलवर पत्र्याचा भोंगा बांधून फिरायचे. पुढे नगरपालिकेने गाडी घेतली, तिच्या टपावर लाऊडस्पीकर बसला, आणि काका ड्रायव्हरशेजारी माइक धरून बसू लागले. पाणी कधी येणार, लस कुठे मिळणार, कोणाचं मूल बाजारात हरवलंय, सगळं गावाला त्यांच्या तोंडून कळायचं.

त्यांचा एक हट्ट होता. स्वतः पाहिल्याशिवाय बोलायचं नाही. पाणी येणार असं सांगायचं असेल तर आधी कुठला तरी नळ सोडून बघायचे. नगरपालिकेतले साहेब चिडायचे. "काका, ऑर्डरवर माझी सही आहे ना? मग तुम्हाला नळ कशाला बघायचाय?" काका म्हणायचे, "सही तुमची आहे साहेब. शिव्या मला खायच्या आहेत."

म्हणून लोक त्यांचं ऐकत. बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. "थांब गं, भोंगा काय म्हणतोय बघू."

वादळात जाहिरातीचा एक मोठा फलक उडाला आणि खालच्या आळीतल्या पाण्याच्या टाकीवर आदळला. टाकी उंच, सिमेंटच्या खांबांवर उभी. एका खांबाला तिरकी भेग पडली. टाकीखालची घरं रिकामी केली गेली. लोक शाळेच्या वर्गांत राहायला गेले. त्यांत काकांची धाकटी बहीण होती. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, नवऱ्यामागे शिवणकामावर घर चालवणारी. काका तिला अजून चिमणी म्हणत.

बाहेरून एक इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी टाकी रिकामी करायला सांगितली. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली. टाकीवरच्या व्हॉल्व्हमनला म्हणाल्या, "ही काच फुटली तर भेग अजून हलतेय असं समजायचं." जास्तीच्या पट्ट्यांचं पाकीट त्याच्याकडे ठेवून त्या गेल्या. काही दिवसांनी परत आल्या. काच अखंड होती. त्यांनी टाकी भरायला परवानगी दिली.

तेव्हा नगरपालिकेच्या सभेत एकच विषय चालला होता. शाळा कधी सुरू होणार? नगराध्यक्षबाईंना लोक रस्त्यात गाठून विचारत होते. परवानगी मिळाली तशी सभा संपली.

काकांचा आवाज तेव्हा बसत चाललेला. वादळापासून सकाळ-संध्याकाळ बोलणं चाललं होतं. मधेच घशातून नुसता वारा यायचा. साहेबांनी युक्ती काढली. "एकदाच बोला. रेकॉर्ड करू. मग गाडीत तेच वाजत राहील. तुम्ही घरी आराम करा."

"आधी बघून येतो," काका म्हणाले.

ते टाकीपाशी गेले. भेगेवरच्या काचेवर ऊन पडलं होतं. एक ओरखडासुद्धा नव्हता. काकांनी बोट लावून पाहिलं. मग परत आले, कोमट पाणी प्यायले, आणि साहेबांच्या केबिनमध्ये दार लावून उरलासुरला आवाज त्यांच्या फोनमध्ये ओतला.

"नागरिकांनो, लक्ष द्या. टाकी मी स्वतः पाहिली आहे. धोका टळला आहे. खालच्या आळीतल्या लोकांनी आपापल्या घरी परतावं."

मी स्वतः पाहिली आहे, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं. ते काकांनी आपणहून घातलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका बहिणीकडे निघाले. खालच्या आळीत पुन्हा दोऱ्यांवर कपडे वाळत होते. कोणी चिखल खरवडत होतं, कोणी भिजलेली गादी उन्हात उलटत होतं. गाडी टाकीच्या अगदी खाली सावलीत उभी होती. आत कोणी नव्हतं. काचा वर, दारं बंद, आणि टपावरून काकांचा आवाज. "धोका टळला आहे."

काका थबकले. आपण इथे आहोत आणि तिथेही.

व्हॉल्व्हमन पायरीवर बसून गुळण्या करत होता. "या काका! ड्रायव्हर चहाला गेलाय. मस्त वाजतंय की नाही? टाकी भरतेय बघा. संध्याकाळी चिमणीबाईंच्या नळाला पाणी."

काकांनी खांबाकडे पाहिलं. काच कालच्यासारखीच लखलखत होती.

"स्वच्छ ठेवलीस रे," ते कुजबुजले.

व्हॉल्व्हमन खूश झाला. "मग! साहेब म्हणाले होते, पाहणी आहे, इथे तुटकंफुटकं काही दिसता कामा नये. रोज सकाळी पहिलं काम तेच. काच बदलतो. रात्रीत फुटतेच मेली. पोरं दगड मारत असणार."

व्हॉल्व्हमन हसत होता. मग त्याने काकांचं तोंड पाहिलं.

"काय झालं?"

"आळीतली पोरं सगळी शाळेत मुक्कामाला होती," काका म्हणाले. "कोण दगड मारणार?"

वर पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. एकसारखा, घुमल्यासारखा. व्हॉल्व्हमनने मान वर केली आणि ती तशीच राहिली.

"पाणी बंद कर."

"इथून नाही होत काका. पंप नदीवर आहे." त्याने सायकल जवळ ओढली. "मला वाटलं… काका, मला वाटलं काच फुटकी दिसली तर माझ्यावर येईल."

"जा."

तो सायकलवर बसला आणि पेडल चुकवत, धडपडत निघाला.

काकांनी गाडीचं दार ओढलं. कुलूप होतं. काचेवर बुक्क्या मारल्या. टपावरचा आवाज शांतपणे सांगत होता, "टाकी मी स्वतः पाहिली आहे."

पहिलंच घर घड्याळजींचं. घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा, एकटा, कानाने अधू. डोळ्याला भिंग लावून दारात बसला होता.

"या, या. तुम्ही म्हणालात म्हणून आलो हो. शाळेच्या फरशीवर कंबरडं मोडलं माझं."

"बाहेर चला. टाकी पडणार."

"आँ?"

काकांनी पुन्हा सांगितलं. नुसता वारा आला.

"घसा बसलाय वाटतं," घड्याळजी म्हणाले आणि गाडीकडे बोट केलं. "तिकडे मात्र खणखणीत वाजतोय!" स्वतःच्या विनोदावर हसत त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

काकांनी त्यांचा दंड धरून ओढलं. घड्याळजी ओरडले, "अहो, स्प्रिंग हरवेल! अहो, काय हे!" त्यांनी हात सोडवून घेतला आणि दार लोटलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

काका बहिणीकडे धावले. ती शिवणयंत्राला तेल देत होती.

"चिमणे, बाहेर पड."

"आधी बस. तोंड बघ कसं झालंय. घसा शेकलास का?"

"टाकी पडतेय."

तिने हात पुसले. "दादा, काल म्हणतोस ये, आज म्हणतोस जा. अख्खी आळी तुझ्या शब्दावर सामान उचलून आली. तो आवाज तुझाच आहे ना?"

"माझाच आहे."

"मग?"

"चुकला."

"काही चुकला नाही. ताप भरलाय तुला. पड जरा."

काकांनी घरात नजर फिरवली. समजावण्याएवढा आवाज नव्हता आणि तेवढा वेळही नव्हता. त्यांनी यंत्राचं डोकं लाकडी फळीवरून सुटं केलं, खांद्यावर घेतलं आणि दाराबाहेर पडले.

"अरे! दादा! माझं मशीन!"

ती मागे धावली. अनवाणी, हातात तेलाची कुपी. "ठेव म्हणते खाली! वेड लागलं का तुला? अगं बघा गं, माझा भाऊ माझं मशीन पळवतोय!"

तिचा आवाज शाबूत होता. दारं उघडली. लोक बाहेर आले. भावाबहिणीचं भांडण, तेही भररस्त्यात, तेही भोंगाकाकांचं! कोण घरात बसणार?

"काका, इस्त्रीही घेऊन जा!" कोणीतरी ओरडलं.

"चिमणीबाई, पाय धरा त्यांचे! पाय धरा!"

काका चढ चढत राहिले. खांदा जळत होता. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पावलं वाढत गेलेली ऐकू येत होती. हसू, शिट्ट्या, बहिणीच्या शिव्या. सगळी आळी तमाशा बघायला चढावर आली.

वर चौकात त्यांनी मशीन खाली ठेवलं. चिमणीने पाठीत एक गुद्दा घातला. मग ती रडायला लागली. "काय झालंय रे तुला?"

काका घोळक्यातले चेहरे शोधत होते. एकेक चेहरा पाहिला. घड्याळजी नव्हते. त्यांना भांडण ऐकूच गेलं नव्हतं.

ते उताराकडे वळले. चिमणीने मागून सदरा धरला. "आता कुठे?"

तेवढ्यात खालून आवाज आला. फार मोठा नव्हता. जाड दोरखंड तुटावा तसा. लोक हसता हसता थांबले. टाकी जागेवरच होती. मग ती किंचित झुकली, आणि झुकतच राहिली.

"आपापल्या घरी परतावं," गाडी म्हणाली.

काकांनी घड्याळजींना हाक मारली. तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा फुगल्या. काही आलं नाही. सदरा टरकला, पण चिमणीने सोडला नाही.

नंतर धूळ होती. धुळीत पाणी वाहत होतं. आळीत आता गाडीही बोलत नव्हती.

चौकशी लागली. इंजिनिअर बाई येऊन गेल्या. व्हॉल्व्हमन निलंबित झाला. तो साहेबांचे शब्द सांगत राहिला, आणि साहेब म्हणत राहिले की मी फक्त स्वच्छतेबद्दल बोललो होतो. घड्याळजींना नातेवाईक नव्हते. त्यांचं क्रियाकर्म सगळं काकांनी केलं.

आता काका बहिणीबरोबर शाळेतच असतात. ती वर्गाच्या कोपऱ्यात मशीन चालवते, ते दोरे गुंडाळतात. येणारे-जाणारे त्यांच्याशी प्रेमाने बोलतात. अख्खी आळी बाहेर काढायलाच त्यांनी मशीन पळवण्याची शक्कल काढली, असं सगळे मानतात. घड्याळजींचं नाव त्यांच्यासमोर कोणी काढत नाही.

परवा साहेब स्वतः आले. नवी गाडी आली होती. "काका, लोक तुमच्याशिवाय ऐकत नाहीत हो. आवाज कधी परत येणार?"

काकांनी गळ्याला हात लावला आणि मान हलवली.

साहेब हळहळत गेले. चिमणीने मशीन थांबवलं. सकाळीच दादाने तिला चहात साखर कमी झाल्याचं सांगितलं होतं. नेहमीच्या, भरदार आवाजात.

तिने सुईत दोरा ओवला आणि शिवायला घेतलं.