पाट्याचा नकाशा

१८ एप्रिल १९९९, रविवार, अक्षय्य तृतीया. रक्कम दोन हजार सहाशे रुपये. हजर चौघं: मी, माझी बायको, होडी विकणारा म्हातारा तांडेल आणि त्याची मुलगी. जागा भाट्याच्या पुलाजवळचा खाडीकाठ. वेळ सकाळी सव्वाआठ, पूर्ण ओहोटी.

होडी एका माणसाची. लांबी अकरा फूट दोन इंच, रुंदी मधोमध सव्वादोन फूट. पैसे तांडेलाच्या मुलीने मोजून घेतले. बायको होडीकडे बघत म्हणाली, "दोन हजार सहाशेचं लाकूड घेतलंत, आणि बसायला धड फळी पण नाही."

"वयनी, फळी असली की मानूस आरामात बसतो," तांडेल म्हणाला. "आरामात बसला की मासा नाय गावत."

तांडेल म्हणजे मासेमारीच्या बोटीचा प्रमुख. ह्याने तीस वर्षं दुसऱ्यांच्या बोटी चालवल्या होत्या. आता डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, त्यामुळे मोठ्या बोटीवर कोणी घेत नव्हतं. घरी तो आणि विधवा मुलगी. तो गळाने मासे धरायचा, ती टोपली घेऊन विकायची. त्याच्याकडे दोन लहान होड्या होत्या. एक मला विकली, एक ठेवली.

मी मोजणी खात्यात भूमापक. लोकांच्या जमिनीच्या हद्दी मोजायच्या आणि नकाशावर आणायच्या, हे माझं काम. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा होतो. डॉक्टरने चालायला सांगितलं होतं, मी वल्हवणं निवडलं. मासे धरायचं मनात नव्हतं. ते तांडेलामुळे सुरू झालं, आणि त्यात त्याचीही गरज होती.

उन्हाळ्यात काठालगत मासा कुठे सापडेल हे त्याला पाठ होतं. चैत्र-वैशाखात उथळ पाणी दहा वाजताच तापतं. मासा मग सावली, दगड किंवा ओढ शोधतो. म्हणून पुलाच्या खांबांची पश्चिमेची बाजू, खारफुटीतून ओहळ बाहेर पडतो ते तोंड आणि खाडीच्या मुखाजवळचे पाण्याखालचे खडक, एवढ्याच जागा धरायच्या. त्याही भरतीच्या पहिल्या दोन तासांत, बाहेरचं गार पाणी आत येताना. भरती कधी, ते घड्याळात बघायचं नाही. तिथीची पाऊणपट करायची. तृतीया असली तर तीन पाऊण सव्वादोन, म्हणजे सव्वादोनला पूर्ण भरती, सव्वाआठला ओहोटी. हा हिशेब ऐकला त्या दिवशी मी त्याचा शिष्य झालो.

पण पाण्याखालचा खडक पाण्यावरून दिसत नाही. तो खुणांनी सापडतो. जवळच्या एका खुणेवर लांबची दुसरी खूण बरोबर चढली पाहिजे, आणि अशाच दुसऱ्या दोन खुणा बाजूला जुळल्या पाहिजेत. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे खडक. मी आयुष्यभर जमिनीवर करत होतो तेच हा माणूस पाण्यावर नुसत्या नजरेने करत होता. आता मात्र त्याला जवळची खूण दिसायची, लांबची नाही, म्हणून माझी होडी त्याच्या होडीला लागून चालायची.

"तुझे डोले, माजं पानी," तो म्हणाला. "बघ आनि सांग." सुरुवातीला काठावर तो मला अहो-जाहो करायचा आणि होडीत बसलं की अरे-तुरे; पुढे काठावरही अरे-तुरेच. ते मला आवडायचं.

त्याची सगळ्यात मोलाची जागा म्हणजे पाटा. खाडीच्या मुखाशी पाण्याखाली पाट्यासारखा सपाट खडक. मी शिशाचं वजन बांधून दोरी सोडली, तेव्हा ओहोटीला अकरा फूट भरलं. मांडवीच्या जेटीच्या टोकावर किल्ल्याचा बुरूज चढला आणि भाट्याच्या सुरूच्या बनातलं वाकडं झाड टेकडीवरच्या एकट्या ताडाला लागलं, की होडी पाट्यावर. तिथे तांबोशी आणि पालू हे मासे मिळायचे. बाकी जागा आटल्या तरी वैशाखात पाटा त्याला पोसायचा.

त्याचे नियम होते. पाट्यावर एकदा बसलं की पुढच्या दोन भरत्या तिकडे जायचं नाही. बसलं तरी तासाच्या वर नाही. दुसरी होडी दिसली की गळ वर घ्यायचा, वल्हं आडवं टाकायचं आणि विडी पेटवायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की म्हातारा दमला. मी विडी ओढत नाही. मला त्याने डोक्याला टॉवेल गुंडाळत बसायला सांगितलं होतं.

आणि शेवटचा नियम: "तू कागदवाला मानूस. पाटा कागदावर नको."

मी मान हलवली.

हे बोलणं झालं त्याच रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी पाटा कागदावर उतरवला. पुढे दोन उन्हाळे तो नकाशा सुधारत राहिलो. चार खुणा, त्यांचे कोन, प्रमाण, उत्तर दिशेचा बाण, खोलीचे आकडे. ट्रेसिंग पेपर माझ्या पैशाचा, शाई माझी. कचेरीतली एक टाचणीसुद्धा वापरली नाही, याचं मला समाधान होतं. शाईच्या बाबतीत मी इतका चोख होतो. दिलेल्या शब्दाच्या बाबतीत तेव्हा मनात काही आलंसुद्धा नाही.

मे २००१ मध्ये ठाण्याहून माझा मेव्हणा दोन मित्रांना घेऊन आला. ते मांडवीला लॉजवर उतरले, कारण आमचं घर दोन खोल्यांचं. त्यांच्याकडे घडीच्या काठ्या होत्या, आणि गाडीच्या टपावर एकाने आणलेली प्लास्टिकची एकट्याची होडी. तिला कयाक म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. रंग लिंबासारखा पिवळा. दोन दिवस ते किनाऱ्यावर नुसतेच फिरले, काही मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी मेव्हणा घरी येऊन म्हणाला, "भावोजी, एवढी वर्षं इथे राहताय, एक जागा सांगता येत नाही?"

मी नकाशा काढून त्याच्यासमोर पसरला.

तो बराच वेळ बघत राहिला. "हे तुम्ही काढलंत? अहो, हे छापायला पाहिजे." माझ्या एकवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नकाशाकडे असं कोणी बघितलं नव्हतं. लोक नकाशा बघतात ते शेजाऱ्याने किती बळकावलंय ते पाहायला. मी त्याला प्रत काढून दिली. कोणी फसवलं नाही, गळ घातली नाही. मी आपण होऊन दिली.

आणि तांडेल त्या दिवसांत मुलीबरोबर दाभोळला लग्नाला गेला होता, पाच दिवस. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच दिली.

ती पिवळी होडी तीन दिवस, रोज चार-चार तास, पाट्यावर उभी होती. विडी नाही, टॉवेल नाही. मी दुसऱ्या दिवशी कचेरीतून जेवणाच्या सुट्टीत सायकलने मांडवीला गेलो. जेटीवर दहा-बारा माणसं उभी राहून बघत होती. एक जण म्हणाला, "बाजारात लिंबू ठेवलेला दिसतोय बघा." सगळे हसले, मीही हसलो. मेव्हण्याने जाताना मला दोन तांबोश्या दिल्या. बायकोने त्या तळल्या. मी एक तुकडा खाल्ला आणि पोट बिघडल्याचं सांगितलं.

आठवड्याच्या आत पाट्यावर इंजिनाच्या होड्या जाळी घेऊन आल्या. जाळी खडकावर फाटली, तेव्हा कोणीतरी सुरुंगाचा तोटा टाकला. आवाज मी ऐकला नाही. पांढरी पोटं वर करून तरंगणारे मासे मात्र पुलावरून पाहिले. त्यात बोटभर लांबीची पिल्लंच जास्त. त्यानंतर आम्ही अकरा वेळा पाट्यावर गळ टाकला. मिळाला एक मासा, तोही न खाण्यासारखा.

तांडेल दाभोळहून आला तेव्हा त्याला सगळं कळलं होतं. मुंबईची पोरं, पिवळी होडी, सगळं. ती पोरं माझी होती, एवढंच कोणाला माहीत नव्हतं.

"त्यांना पाटा गावला कसा?" मुलीने विचारलं.

"माज्यामुलं," तांडेल म्हणाला. "जायच्या आदल्या सोमवारी मी जास्त येल बसलो. कोनीतरी बघितलं."

मी तिथेच बसलो होतो, हातात तिने दिलेला चहा होता. तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहा संपवला.

तो उरलेला उन्हाळा आणि पुढचा आम्ही पुलाच्या खांबांवर आणि खारफुटीच्या तोंडाशी काढले. माझ्या टिपणाप्रमाणे त्याची पकड निम्म्याहून खाली आली. माझ्या वाट्याचे मासे मी त्याच्या टोपलीत टाकायला लागलो. त्याला दिसत नसलं तरी टोपलीचं वजन कळायचं. "आज वयनी उपाशी ठेवनार हाय काय तुला?" तो म्हणायचा. मी म्हणायचो, घरी मटण आहे.

फेब्रुवारी २००३ मध्ये शिबिरात त्याच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर पंधरा दिवसांनी तो मुलीला घेऊन मांडवीच्या जेटीवर गेला आणि तिथून पाट्याची जागा बघितली. मी रविवारी त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने गळ, नायलॉनची तंगूस आणि शिशाची वजनं एका फडक्यात बांधून ठेवली होती. शेजारी मुलगी विळीवर मुळे फोडत होती. खाडीतले हे शिंपले ती ओहोटीला चिखलातून काढायची.

"हे कशाला बांधलंत?" मी विचारलं.

"पाटा किती जवल हाय रे," तो म्हणाला. "मला वाटायचं लांब हाय. आंधल्याला सगलंच लांब. मी तिथं बसायचो आनि जेटीवरून आख्खा गाव बघत व्हता. माज्यामुलं गेला पाटा." मग फडक्याची गाठ घट्ट केली. "जो खून उगडी करतो, त्यानं गल टाकू नये. माज्या बापाच्या येलेपासून हाय ते."

"मी सांगून दमले," मुलगी म्हणाली. "सरकारनं डोळे दिले, आणि ह्यांनी दुसऱ्या दिवशी हात बांधून घेतले. आता खायचं काय, मोतीबिंदू?"

मी उठलो. घरी गेलो. बायकोने विचारलं, "इतक्यात आलात?" मी ट्रंकेतून नकाशा काढला आणि सायकलवरून परत गेलो. वाटेत, सांगायचं कसं याची तीन वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही वापरता आलं नाही. मी नकाशा त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणालो, "ह्याची एक प्रत मी त्या पोरांना दिली. तो माझा मेव्हणा. तुम्ही दाभोळला होता तेव्हा."

मुलीच्या हातातला मुळा तसाच राहिला.

तांडेलाने नकाशा डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. नवा चष्मा वरखाली केला. बोटाने जेटी शोधली, तिथून बुरूज. मग वाकडं झाड, मग ताड. दोन्ही रेघा एकमेकींना मिळतात तिथे बोट थांबलं.

"चांगला काडलाय तुमी," तो म्हणाला.

तुम्ही, हे मी ऐकलं. आणि शब्द तेच, जे ऐकायला मी नकाशा दिला होता.

"दोन वर्सं," मुलगी म्हणाली, "दोन वर्सं आमच्याकडे चहा पिताय, भाऊ."

मी पैशाचं बोललो. आकडा काढलेला होता, तो सांगू लागलो. तिने मला थांबवलं. "आकडा तुमच्याकडे ठेवा. बाबांनी सांगितलं ते ऐकलंत ना? खूण उघडी करणाऱ्यानं काय करायचं?"

"गळ टाकायचा नाही," मी म्हणालो.

"मग होडी कशाला पायजे तुम्हाला?"

तांडेल फडक्याची गाठ सोडत होता. नव्या डोळ्यांनी गाठ नीट दिसत होती, तरी वेळ लागत होता.

त्यानंतर मी गळ टाकलेला नाही. तांडेल पुढे चार उन्हाळे पाण्यावर गेला. नवी जागा सापडली की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि मला कोणी सांगणारही नव्हतं. पुलावरून जाताना एकदा त्याला बघितलं. तो वल्हं आडवं टाकून विडी पेटवत होता. मी सायकल थांबवली नाही.

२३ मार्च २००३, रविवार. हजर तिघं: मी, तांडेल आणि त्याची मुलगी. भाट्याच्या पुलाजवळ, त्याच काठावर. दिलं ते असं: होडी एक, वल्हं एक, दगडी नांगर दोरीसकट, आणि नकाशाची मूळ प्रत, जी मुलीने तिथेच चुलीसाठी घडी करून कमरेला खोचली. होडी मुलीला दिली. खाडीच्या मधल्या बेटावर मुळे जास्त मिळतात, आणि तिथे जायला तिला होडी नव्हती. तांडेलाला काही देता आलं नाही. त्याने मागितलं नाही.