बेलबॉटम घातलेली पपनसं

मिरजोळ्याच्या वरच्या वाडीतल्या हौसाला देवाने रूप बेताचं दिलं, जीभ मात्र सढळ हाताने दिली. शिवाय परसात पपनसाचं एक झाड. गणपतीच्या डोक्यावर मंडपी बांधतात, तिला काकड्या, शहाळी, रानफुलं काय वाटेल ते टांगा. मधोमध लोंबायचं ते हौसाचंच पपनस, असा वाडीचा शिरस्ता. पैसे ती घेत नसे. मान मात्र पुरेपूर वसूल करी.

सत्त्याऐंशीच्या चतुर्थीला तो मान गेला. बागायतदार गोपाळकृष्णांकडे खेडचे व्याही आरतीला उभे, आणि मंडपीतल्या पपनसातून एक पांढरी अळी टपकन पडली ती थेट मोदकावरच्या तुपात. व्याही सज्जन, काही बोलले नाहीत. बोलायचं काम वाडीने केलं. तांदळाएवढी अळी विहिरीवर पोचेस्तोवर बोटभर झाली. खेडला पोचली तेव्हा म्हणे तिला फणा होता.

हौसाला अन्न गोड लागेना. शेवटी शेतकी खात्याचा माणूस वाडीत आला, तेव्हा तिने त्याला धरून परसात नेलं. गळलेली पपनसं ती वर्षानुवर्षं झाडाखालच्या शेणकीच्या खड्ड्यात टाकत होती, खत होतं म्हणून. तो म्हणाला, "बाई, तुम्ही तर फळमाशीची बाळंतपणं करताय. अळी मातीत शिरते, माशी होऊन वर येते नि परत फळाला टोचते. गळलेलं फळ खोल पुरा. झाडावरच्या फळाला आधीच पिशवी घाला."

पिशवी घालणार कसली? पुढच्या आषाढाच्या पावसात कागद टिकेना, गोणपाट वाळेना. मग तिला नवऱ्याची ट्रंक आठवली. भागोजी मुंबईला कंपनीत. त्याची लग्नातली टेरिकॉटची बेलबॉटम ट्रंकेत घडी घालून ठेवलेली. वाऱ्यावर घटकेत वाळणारं कापड, आणि घेर असा की एकेका पायात पपनसांचं बिऱ्हाड मांडावं. हौसाने कात्री चालवली. एक पँट पुरेना म्हणून पाठोपाठ उरलेल्या दोन पँटीही पिशव्या होऊन झाडावर गेल्या.

शेजारची सखू गडग्याच्या दगडांवर रेलून म्हणाली, "गो हौशे, भावोजी झाडावर चढले नि पायच तेवढे दिसतत."

"दिसू देत. घरात तेवढे तरी कुठे दिसतत?"

हरतालिकेच्या सकाळी भागोजी एस्टीतून उतरला. परसात जाऊन त्याने फळावरची एक पिशवी चाचपून बघितली.

"माझी लगनातली पँट हाय ती."

"अवो, मावता का तुमी तिच्यात आता? पपनस कसं मावतंय बगा."

भागोजीने पोट आत घेतलं आणि विषय सोडला. पण हौसाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. उद्यावर चतुर्थी, आणि पपनस मागायला कोणी फिरकलं नव्हतं. गोपाळकृष्णांच्या मालिनीकाकूंनी तर बाजारातून मोसंबी आणवली होती. देवाचं फळ कापून दाखवता येत नाही. मग आत अळी नाही हे पटवायचं कसं?

दुपारी तिने उपाशी बायकांना फराळाला बोलावलं. काकूही आल्या, तोंड जरा वाकडं करूनच. "काकू, तुमीच बोट दावा," हौसा म्हणाली. काकूंनी मुद्दाम बुंध्याजवळचं, अंधारातलं फळ दाखवलं. भागोजीने झाडावर चढून ते काढलं, हौसाने सर्वांसमोर कापलं. आत गुलाबी, स्वच्छ, रसरशीत.

"एकाने काय कळतंय?" काकू फोड चोखत म्हणाल्या. "ते दुसरं काढा बघू."

दुसरं कापलं. तिसऱ्याला कोणाला शंका नव्हती, तरी कापलं. उपासाचं पोट! चौथं सखूनेच काढून आणलं. मग बिया थुंकता थुंकता काकू म्हणाल्या, "हौसे, मला देठापानासकट एक ठेव हो." हे ऐकताच सगळ्यांना आपापली मंडपी आठवली, आणि झाडाखाली अशी झोंबाझोंबी झाली की भागोजी वरून उतरायला तयार होईना.

संध्याकाळी झाडावर एकही फळ उरलं नाही. हौसाने आपल्या मंडपीला मधोमध दुधी टांगला, आणि गणपतीकडे बघून म्हणाली, "देवा, औंदा तू भागव. तुझी पपनसं वाडीभर गेलीत. काय करू, मागणी फार."