मामीची बाय

नेऱ्याची माझी मामी चहासुद्धा उभ्याने प्यायची, आणि अर्धा पिऊन उरलेला अंगणात ओतायची. आपण बोलत असायचो आणि ती तळ्याच्या बांधावर पोचलेली असायची. तिच्या मागे फिरून पाहुण्यांचेच पाय दुखायचे.

घरामागचं तळं मामांनी खणलेलं. ते गेल्यावर मासे मामीच सांभाळायची. कोंडा आणि पेंड भरलेल्या, भोकं पाडलेल्या गोण्या बांबूला टांगल्या की मासे त्या चोखत राहायचे. "मिरगल खाली चिखलान, रोहू मदी, कटला वरती. ज्याचा त्याचा मजला ठरलेला हाय," ती सांगायची. मला तांबूस परांचा रोहू देखणा वाटे. मामीचा जीव मात्र कटल्याच्या एका मादीवर. कडेवरच्या पोराएवढी, डोकं अंगाला न शोभेल इतकं मोठं, मिशांचा पत्ता नाही, आणि खालचा जबडा वर वळलेला, कायम काहीतरी मागत असल्यासारखा. मामी पाण्यावर टिचक्या मारून "बाय, ये" म्हणायची आणि ती खरोखर यायची, हातातून कोंडा खायची. मामीला याचा केवढा तोरा होता.

पावसाळ्यात बायचं पोट अंड्यांनी फुगे. पण कटला साठल्या पाण्यात अंडी घालत नाही, त्याला वाहतं पाणी लागतं. "दरवर्षी पोटातला पोटानच जिरतंय तिचा," म्हणत मामी बांधावर येरझाऱ्या घालायची. तेव्हा तिच्याशी बोलायची सोय नसे.

गेल्या श्रावणात तिच्या मुलाने, प्रकाशने, तळं बुजवून बंगला बांधायचं ठरवलं. बाकीचे मासे विकले. बाय तेवढी जाळ्यावरून उडी मारून निसटली. दुसऱ्या दिवशी मातीचे डंपर येणार होते. मामीने मला पनवेलहून गाडी घेऊन बोलावलं, स्वतः पाण्यात उतरून बायला हाक मारली, आणि ओल्या गोणपाटात धरून टबात ठेवली. गाढी नदी येईपर्यंत तिचं "हलू चालव" आणि "बिगी चल" एकाच दमात चाललं होतं.

नदीला गढूळ लाल पाणी होतं. सोडल्यावर बाय क्षणभर कलंडली, सावरली, आणि वळून पुन्हा मामीच्या पायाशी आली. तोंड वर करून. थोडं खाली दोघं जण जाळं घेऊन उभे होते. मामीचा चेहरा पडला. "बाला, ही त कोनाच्या पन हातान जाईल," ती म्हणाली.

तिने दगड उचलला. पहिला बाजूला पडला. दुसरा बायच्या पाठीवर बसला. तरी ती हलेना, तेव्हा मामी रडत रडत मुठी भरभरून खडे मारत सुटली. शेवटी एकदा शेपटी आपटली, आणि मग पाण्यात काही दिसेना.

गाडीत बसताना तिने विचारलं, "भ्याली ना रं ती मला?" मी हो म्हटलं.

मामी यंदा गेली. दवाखान्यात मला जवळ बोलावून तिने पुन्हा तेच विचारलं. "जाम भ्याली," मी म्हटलं. तेव्हा कुठे तिने माझा हात सोडला.