ते मुलगी

एरंडोलहून जळगावला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत ती नर्स रोज माझ्या शेजारी बसायची. पाय सतत हलता, खिडकीची काच उगाच पुढे-मागे. मला वैताग यायचा. तिची जर्मनीत नोकरी ठरली होती, पण त्यांच्या भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय व्हिसा नाही आणि नापास झालं की पुन्हा फी. ती दोनदा नापास झाली होती.

"अडतं कुठं?" एकदा मी विचारलंच.

"तिकडे मुलगी नपुंसकलिंगी असते, ताई. माझ्या तोंडून 'ती'च येतं."

तेवढ्यात तिच्या लेकीचा फोन आला. "रडू नको माय, मी सांजले येस," ती म्हणाली. आज ती संध्याकाळी घरी परतणार होती; जर्मनीला मात्र आधी लेकीला मागे ठेवून एकटीनंच जायचं होतं.

फोन ठेवून ती खिडकीकडे वळली आणि पुटपुटू लागली, "ते मुलगी... ते मुलगी..."