येळवशीची पाहुणी

बावीस वर्षांपूर्वी, येळवशीच्या दुसऱ्या दिवशी, मी गाव सोडलं. धाराशिवच्या स्टँडवर (तेव्हा पाटीवर उस्मानाबाद होतं) पुण्याची एसटी लागली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्यासाठी खिडकीची जागा धरायला आधीच आत जाऊन इतके ठाम बसले होते की कंडक्टर त्यांनाच तिकीट फाडायला लागला. भारत, माझा धाकटा भाऊ, माझी पत्र्याची पेटी टपावर चढवत होता. आईनं खिडकीतून भज्जीचा, म्हणजे येळवशीच्या मिसळ भाजीचा, डबा दिला आणि एक प्लास्टिकची बाटली.

"आंबील हाय. वाटंत पी. अन् पुढल्या येळवशीला ये. काय बी झालं तरी ये."

बार्शीपर्यंत मी रडले. बार्शीच्या पुढं रडायला फुरसत मिळाली नाही, कारण ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची ती आंबील आंबून फुगली आणि बाटलीचं झाकण उडालं. शेजारी पांढऱ्याशुभ्र सदऱ्यातले एक गृहस्थ होते, कुणाच्या तरी लग्नाला निघालेले. पुण्यापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. काय बोलणार, "चाखून बघा" म्हणणार?

गाववाल्यांनो, तुमच्यापैकी जे तिकडंच आहेत त्यांना येळवस सांगायला नको. पण जे माझ्यासारखे निघाले, त्यांची पोरं विचारतात, म्हणून लिहिते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं अख्खं गाव शेतात जातं. बाजार बंद, रस्ते ओस, घरात राहतं ते फक्त मांजर. ज्वारी कमरेच्या वर आलेली असते. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत पाच पांढरे दगड मांडून पूजा करायची, मग शेताच्या मालकानं कडंकडंनं आंबील शिंपडत "वलगे वलगे, सालम पलगे" ओरडत फिरायचं. त्या ओरडण्याचा अर्थ मला आजही माहीत नाही. अण्णांनाही नव्हता, पण ते इतक्या जोरात ओरडायचे की विचारायची हिंमत व्हायची नाही. त्यांच्यामागं तांब्या घेऊन पळायचं काम माझं. नंतर जेवण. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. बोलावल्याशिवाय मात्र कुणी दुसऱ्याच्या शेतात जात नाही.

माझा जन्म अशाच एका येळवशीचा. आईला कोपीतच कळा आल्या. "जेवणं व्हायच्या आत झालीस, म्हून समद्यांची जेवणं लांबली," हे ती मला अजून ऐकवते. तारीख कुणी लिहून ठेवली नाही. शाळेत घालताना मास्तरांनी एक जून टाकली. आमच्या वर्गातली निम्मी पोरं त्यांनी एकाच दिवशी जन्माला घातली होती. आई माझं वय येळवशींवर मोजायची, आणि जन्मलेली येळवसही धरायची, त्यामुळं तिच्या लेखी मी कायम एका वर्षानं मोठी.

भोसरीला कंपनीत पॅकिंगला लागले, तिथं वाढदिवस करायची पद्धत होती. पहिल्या एक जूनला एच.आर.च्या मॅडमनी यादी काढली तर आमच्या लाइनवरच्या सहा जणींचा वाढदिवस त्याच दिवशी. सहाही जणी मराठवाड्यातल्या. मॅडमना वाटलं, आम्ही चेष्टा करतोय. एकच केक आला, त्यावर सहा नावं लिहिता लिहिता माझं नाव कडेवरून खाली घसरलं. मी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्याच.

आणि मार्गशीर्षात सुट्टी मागितली की सुपरवायझर विचारायचा, "कसला सण हा? कॅलेंडरात तर नाही." मी सांगायची, "माझा वाढदिवस आहे." तो म्हणायचा, "तुझा जूनमध्ये झाला की!" मग मी खोटी तापायची आणि रात्रीची गाडी धरायची. लग्न झालं, मुलगी झाली, मोशीला दोन खोल्या घेतल्या, तरी हा ताप दरवर्षी येत राहिला. नवरा महाबळेश्वर म्हणायचा, कंपनीची सहल अलिबागला जायची, तिथंही गेले, घोड्यावर बसून घोड्यापेक्षा घाबरलेला फोटोही काढला. पण मला विचाराल तर फिरायला जाणं म्हणजे एकच. आमची ज्वारी आणि तिच्यातून दिसणारं अण्णांचं मुंडासं.

सहा वर्षांपूर्वी अण्णा गेले. दिवस झाले, आणि दोन महिन्यांनी, येळवशीच्या आठ दिवस आधी, भारतचा फोन आला.

"अक्का, ह्या टायमाला जरा अगुदर ये. एक सही लागतीया."

सही कसली ते दोघांनाही माहीत होतं. सातबाऱ्यावर अण्णांच्या जागी आई, भारत आणि मी अशी तीन नावं लागली होती. आम्ही दोघींनी हक्कसोड करून द्यायचं, म्हणजे जमीन एकट्या भारतच्या नावावर. आमच्याकडं बहिणी देतात. न देणाऱ्या बहिणीबद्दल गावात कसं बोलतात तेही मला माहीत होतं, कारण लहानपणी मीही तसंच बोलले होते, आमच्या एका आत्याबद्दल. ती परत कधी दारात आली नाही.

नवरा म्हणाला, "तुझं तू बघ." मुलगी तेव्हा तेरा वर्षांची. ती म्हणाली, "मम्मी, तू जिथं जन्मलीस तेच शेत ना? मग तुझं नाव काढायचं कशाला?" मी तिला म्हणाले, अभ्यास कर.

आईला विचारलं. ती ज्वारी निवडत होती, वर पाहिलं नाही.

"कर सही. म्या बी केली व्हती माझ्या भावाला. मरस्तोवर साडी-चोळी केली त्यानं मला. जमिनीला काय चाटायचंय? याया-जाया जागा ऱ्हाईली म्हंजी झालं."

"आणि नाही केली तर?"

"तर मग कुठं येशील गं येळवशीला?"

मला खरंच एवढंच हवं होतं. पैसा नको होता, पीक नको होतं. दरवर्षी त्या शेतात जाता यावं, बास. आणि सगळे सांगत होते की त्याची किंमत एक सही आहे.

धाराशिवला रजिस्ट्री ऑफिसात कारकुनानं आधार कार्ड पाहिलं. "एक जून? खरी सांगा." मी म्हणाले, "खरी कुणालाच ठाऊक न्हाय." तो हसला, "माझी बी तीच." सगळे हसलो, भारत सगळ्यात मोठ्यानं. मग कारकुनानं विचारलं, "राजीखुशीनं देताय ना? कुणाचा दबाव न्हाय ना?" भारत माझ्या शेजारी उभा होता. आई बाकड्यावर, अंगठ्याची शाई पदराला पुसत. मी म्हणाले, "व्हय, राजीखुशीनं." कॅमेऱ्यात बघायला सांगितलं. त्या फोटोत मी हसतेय. अजून तो कागद माझ्याकडं आहे, आणि मी त्यात इतकी मनापासून हसतेय की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चार दिवसांनी येळवस. मी नेहमीसारखा पदर खोचला, तांब्या उचलला. भारतची बायको सुरेखा धावत आली आणि तिनं तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला. कोपीच्या सावलीत नवीकोरी सतरंजी अंथरलेली होती.

"अक्का, तुमी बसा बरं. तुमी कशाला? पावण्या हाव तुमी आता."

प्रेमानं म्हणाली. माझं पान पहिलं वाढलं. भारत "वलगे वलगे" ओरडत निघाला, त्याच्यामागं त्याचा मुलगा तांब्या घेऊन. जेवण झाल्यावर सुरेखानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातात साडी दिली. जांभळी, काठाची, चांगली होती. बावीस वर्षांची असताना याच बांधावरून मी पुण्याला गेले तेव्हा कुणी मला साडी दिली नव्हती. तेव्हा मी परत येणार होते.

तरी मी जात राहिले. सतरंजीवर बसायची सवय होते. माणूस कशालाही सरावतं. चार येळवशी तशा गेल्या.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात भारतचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, पोराच्या कॉलेजचं, पाण्याचं. मग म्हणाला, "अक्का, शेत दिलं बग. सोलरवाल्याला. तिन्ही बाजूच्या समद्यांनी दिलं, मधी आपलंच ऱ्हायलं व्हतं."

मी म्हणाले, "दिलं म्हणजे?"

"इकलं."

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला. मग तोच म्हणाला, "तुला ईचारायचं ऱ्हाऊनच गेलं." विचारायची गरज नव्हती, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. गरज मीच काढून टाकली होती, राजीखुशीनं, हसत.

भारत वाईट माणूस नाही, हे मला इथं मुद्दाम लिहायचंय, कारण तुमच्यातले काहीजण त्याला ओळखतात. त्यानं धाराशिवला घर बांधलं, आईला वरच्या मजल्यावर हवेशीर खोली दिली. आई तिथं खिडकीपाशी बसते आणि खाली जायचं असलं की कुणीतरी मोकळं होईपर्यंत थांबते. गेल्या येळवशीला मी फोन केला तर सुरेखा म्हणाली, सासूबाई जेवल्या न्हाईत, रस्ता एवढा मोकळा का म्हणून विचारत बसल्यात.

या वर्षी बब्रूकाकांनी बोलावलं. त्यांचं शेत आमच्या शेताला लागून, त्यांनी दिलेलं नाही. मी गेले, भारत, सुरेखा, आई, सगळे गेलो. काकांनी चौघांना एका ओळीत सतरंजीवर बसवलं. भारतला तिथं बसता येईना. दोनदा उठला, कुणाला काही मदत लागतेय का बघायला. काका म्हणाले, "आरं बस की पावण्या! तुला काय काम हाय?" सगळे हसले. या वेळी भारत हसला नाही.

बांधाच्या पलीकडं तारेचं कुंपण आणि त्याच्या आत निळ्याकाळ्या काचेच्या रांगा, आमची कोप असायची तिथपर्यंत आणि तिच्याही पुढं. आई जेवता जेवता उठली. वाटीतली आंबील घेऊन कुंपणापाशी गेली आणि तारेतून हात घालून तिनं ती आत शिंपडली. आतला वॉचमन गावातलाच, चांगला साठीचा म्हातारा. तो पळत आला.

"वहिनी, आवं प्लेटीवर उडवू नका! माझी नोकरी जाईल."

आई म्हणाली, "पुसून घे बाबा," आणि रिकामी वाटी घेऊन परत येऊन बसली. पुढं जेवली नाही. बब्रूकाकूंनी आग्रह केला तर म्हणाली, "पोट भरलंय."

संध्याकाळी भारत मला मोटरसायकलवरून स्टँडवर सोडायला आला. गाडी लागली होती. तो सवयीनं म्हणाला, "पुढल्या येळवशीला ये, अक्का."

मी विचारलं, "कुठं?"

त्यानं किल्ली काढली, परत लावली. म्हणाला, "बघू. बब्रूकाका बोलवतीलच की. न्हाय तर दुसरं कुणीतरी बोलवंल."

तिकडं राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघालेल्यांनो, सही करू नका असं मी कुणाला सांगत नाही. मला ते सांगायचं तोंड नाही. जिथं जायला बोलावणं लागत नाही ते घर, अशी माझी साधी समजूत होती, आणि तसं बघितलं तर आता आम्हा तिघांनाही ते नाही. मला निदान परक्या ठिकाणी राहायची सवय झालीय. मी बावीस वर्षं तेच करतेय. भारतला ती चाळिशीत लावून घ्यावी लागणार. आईला आता तेवढा वेळ नाही.