क्रूझवरची नारळी पौर्णिमा

हा सरळसरळ कट होता आणि त्यात मी सामील होते.

आदल्या वर्षी ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी होडी बंद करायला सांगितली. ह्यांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली आणि घरी आल्या आल्या फाटलेलं जाळं दुरुस्तीला घेतलं. होडी न्यायला मुलगा होता. चांगला दोन पोरांचा बाप, समुद्रावर ह्यांच्याइतकाच पक्का. पण आमच्या घराची एक रीत आहे. नारळी पौर्णिमेला होडीच्या नावाने समुद्राला नारळ जो घालतो, होडी त्याची. कागद कोणाच्याही नावावर असोत. आणि नारळ घातला की त्याच पावली होडीत चढायचं. एकदा हे चढले की ह्यांना उतरवणार कोण? देवाने हृदय दुरुस्त करून दिलंय, ते पुन्हा खाऱ्या पाण्यात नेऊन घालायचं, हे मला काही पटत नव्हतं.

म्हणून योकोहामाला राहणाऱ्या आमच्या मुलीने आम्हा दोघांची नेमकी पौर्णिमेच्या आठवड्यातली क्रूझची तिकिटं काढली. जपान आणि त्याच्या वरचा सगळा उत्तरेचा समुद्र. आता, चंद्र बघून भरती-ओहोटी सांगणारा माणूस असल्या गोष्टीला फसतो होय? ह्यांनी तिकिटं पाहिली, माझ्याकडे पाहिलं, चहा पुरा प्यायले आणि म्हणाले, "समुद्र सगळो एकच आसा गो. थंयसून घालतलंय मी नारळ." मुलालाही बजावलं, "माझो फोन येयपर्यंत होडी सोडू नको." तो बिचारा "होय बाबा" म्हणाला. आमचा कट तिथेच चारी मुंड्या चीत झाला.

माझं माहेर मिठबावचं, सासर मालवणचं. दोन्हीकडे उंबऱ्याशी समुद्र, आणि मी जन्मात होडीत बसले नव्हते. आमच्यात बायका मासे विकतात, समुद्रावर जात नाहीत. त्यामुळे बोटीवर चढताना मी ह्यांचा दंड घट्ट धरला होता. पण ही बोट कसली, आख्खा बाजार चार वेळा मावेल एवढी इमारत! लिफ्ट, नाटकगृह, दुकानं, आणि दिवसभर कोणी ना कोणी जेवायला बोलावतंय. मी कोणासाठी काही रांधायचं नाही, वर माझं ताट दुसऱ्याने उचलायचं. पहिल्या दिवशी मला चुकल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी चहा थोडा गार आला तर मी परत पाठवला. सुखाला माणूस फार लवकर सरावतो.

ह्यांचं मात्र काही केल्या जमेना. मुख्य तक्रार ही, की बोट हलत नाही. "ह्येका काय बोट म्हणतत? हालाक नको?" लाईफ जॅकेट घालून सगळ्यांना उभं केलं तेव्हा ह्यांनी शेजारच्या ऑस्ट्रेलियन बाईच्या जॅकेटची गाठ सोडून आपल्या पद्धतीने बांधली. ती सुटेना म्हणून शेवटी कात्री आणावी लागली. बुफेत कच्च्या माशांचे तुकडे मांडलेले दिसले, तर "ह्येंचो गॅस संपलो काय?" म्हणाले. तरी वास घेतला, बोटाने दाबून पाहिला आणि मासा ताजा असल्याचं मान्य केलं. मग माझ्या पर्समधलं आगळ त्यावर ओतून चांगले सहा-सात तुकडे खाल्ले. जपानी आचारी बघत उभा होता. त्याने बाटली मागून घेतली, कोकमाचा तो लालभडक रस बोटाला लावून चाटला आणि तोंड जे वाकडं केलं, ते आम्ही उठेपर्यंत तसंच होतं.

हाकोदाते बंदराच्या पुढे खरा घोळ झाला. संध्याकाळी आम्ही डेकवर उभे होतो. लांब क्षितिजावर एकामागून एक झगझगीत दिवे लागले. लोक कौतुकाने फोटो काढू लागले आणि ह्यांच्या कपाळाची शीर तट्ट फुगली.

"एलईडीवाले! हंय पण पोचले मेले!"

आमच्याकडे ह्या दिव्यांवरून काय काय झालंय ते मालवणात कोणालाही विचारा. रात्रीचे दिवे लावून सगळी मासळी ओढून नेतात आणि आमच्या साध्या जाळ्यांत शेवाळ येतं. मोर्चे निघाले, होड्या अडवल्या, हे स्वतः फिशरीजच्या ऑफिसात टेबलावर हात आपटून आले. आता हे तडक निघाले ते खाली चौकशीच्या खिडकीवर. मी मागे धावतेय. तिथे एक जपानी मुलगी बसायची, गोड, प्रत्येक वाक्याला वाकणारी. ह्यांनी ऑफिसात वापरायचं ठेवणीतलं मराठी काढलं, "मॅडम, बाहेर बेकायदेशीर मासेमारी चालू आहे. तातडीने कारवाई करावी." मी मोडक्या इंग्रजीत ते सांगितलं. तिने वाकून समजावलं, की त्या माकुल, म्हणजे स्क्विड, धरणाऱ्या होड्या आहेत, इथे ही पद्धत जुनी आहे, आणि त्यांना परवाना असतो.

"परवानो आसा तर मग ठीक आसा," हे नाइलाजाने म्हणाले. "पण समुद्राचो कायदो सगळ्यांनी पाळूक व्हयो. माझा इतक्याच म्हणणा."

हे वाक्य त्यांनी तिला तीनदा ऐकवलं. तिनेही तीनदा वाकून मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. आता नारळ हवा. स्वयंपाकघरात गोव्याचा एक आचारी होता. त्याला आम्ही पहिल्याच दिवशी हुडकून काढलं होतं. त्याने कोकणीत बघतो म्हणून सांगितलं, "म्हाका समजलें काका, हांव पळयतां." पण त्याच्याकडचे नारळ सगळे तासून गुळगुळीत केलेले. शेंडीच नाही! बिनशेंडीचा नारळ समुद्राला द्यायचा म्हणजे बिनटोपीचं लग्नाला जाण्यासारखं. हे हिरमुसले. मी वरकरणी हळहळले आणि मनातून देवाला हात जोडले. तासाभराने तो आचारी हसत परत आला. पोहण्याच्या तलावाजवळ बार होता, तिथे शोभेला ठेवलेला नारळ त्याने उसना आणला होता. शेंडी झकास होती. फक्त त्याला कोणीतरी रंगाने डोळे काढले होते आणि ह्या कानापासून त्या कानापर्यंत हसणारं तोंड.

"हसता तर हसांदे," हे म्हणाले. त्यांनी त्या हसऱ्या नारळाला हळद-कुंकू लावलं, पांढरा शर्ट घातला, टोपी चढवली आणि डेकच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. हात वर नेला, एवढ्यात कोणीतरी ओरडलं आणि खिडकीवालीच मुलगी धावत आली.

बोटीवरून समुद्रात काहीही टाकायला बंदी होती. फूलसुद्धा नाही. समुद्राचा कायदा आहे, असं ती अगदी अवघडून म्हणाली आणि खूप खोल वाकली. हे तोंड उघडणार होते, पण काल तीनदा सांगितलेलं वाक्य आड आलं असावं. हात खाली आला. तिला इतकं वाईट वाटलं, की तिनेच तोड सुचवली. पोहण्याच्या तलावात समुद्राचंच पाणी भरलेलं असतं, तिथे चालेल का?

आम्ही तलावाकडे गेलो. पाण्यात दोन गोरे म्हातारे हवेच्या गाद्यांवर झोपले होते. ह्यांनी वाकून पाणी चाखलं. खारट होतं. "पण कोंडलेलो समुद्र हो," ते म्हणाले. "कोंडलेल्याक काय मागतलंय?"

तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मालवणच्या किनाऱ्यावर होडी सजवून उभी, खलाशी रांगेत, सून, नातवंडं, आणि मुलाच्या हातात सोनेरी कागदातला नारळ. तो म्हणाला, "बाबा, आम्ही थांबलाव. तुम्ही घाला, मगे मी माझो नुसतो मानाचो घालतंय."

हे फोनकडे बघत राहिले. तलावात घाला, काहीही करा, पण घरी गेल्यावर त्या होडीत चढू नका, एवढंच मी मनात म्हणत होते. मग ह्यांनी टोपी नीट केली, नारळ छातीशी धरला आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा समुद्रदेवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" फोनमधून खलाशी ओरडले. गाऱ्हाण्यात प्रत्येक मागणीला असं ओरडायचंच असतं.

"आजपर्यंत ह्या लेकराक सांभाळलंस, तसोच पुढे सांभाळ रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" ह्या वेळी गोव्याचा आचारीही ओरडला. गादीवरचे म्हातारे उठून बसले. ऑस्ट्रेलियन बाई आली. तिसऱ्या मागणीला बारभोवतीचे सगळे "होय माराजा" करू लागले. ती जपानी मुलगी दर वेळी म्हणत होती आणि दर वेळी वाकत होती. मला हसू आवरेना.

मग ह्यांचा आवाज थोडा खाली आला.

"आज माझो हात तुझ्यापर्यंत पोचत नाय रे म्हाराजा. थंय माझो झील उभो आसा. आजपासून तेच्या हातचो नारळ तो होडीचो नारळ म्हणान मान्य करून घे. आणि तेका रोज घराकडे आण रे म्हाराजा!"

बोटीवरची सगळी माणसं "होय माराजा" म्हणून गरजली. खलाशीही गरजले. मुलाने बाहीने डोळे पुसले आणि तो गुडघाभर पाण्यात शिरला.

"रे, आधी कागद काढ! प्लास्टिक घालतंस काय समुद्रात?" हे इकडून खेकसले.

त्याने कागद काढला, नारळ घातला, होडीत चढला. इंजिनाचा आवाज ऐकू आला आणि कॉल तुटला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले आणि पांगले. हे तलावाच्या काठावर पाय सोडून बसले, मांडीवर तो हळद-कुंकवाचा हसरा नारळ. मी म्हटलं, "अहो, नारळ बारवाल्याचा आहे. परत द्यायचा ना?"

"रवांदे गो वायच," ते म्हणाले. "पुनवेक नारळ हातात उरलो, असा पयल्यांदाच झाला."

त्यांच्या हातून होडीचा नारळ सुटावा म्हणून मी वर्षभर जिवाचं रान केलं होतं. मी उठले आणि बारवाल्याला सांगून आले, की आजच्या दिवस नारळ आमच्याकडेच राहील.