प्रसूतिगृहाच्या मातीला सगळे आले

कोडुंबा गावाने हेझ्रोन ओग्वेनोला देखरेख समितीचा अध्यक्ष का केला, हे सांगायला कुणालाच लाज वाटत नाही. खुर्च्या त्याच्या होत्या.

काउंटीचा, म्हणजे आमच्या जिल्हा सरकारचा, कायदा म्हणतो की सरकार गावात जे जे बांधेल त्यावर गावकऱ्यांनी नजर ठेवावी, सभा भरवावी, अधिकाऱ्यांना जाब विचारावा. आता उभ्याने काय जाब विचारणार? बसायला तर हवं! हेझ्रोनचा धंदा मांडवाचा. निळे मांडव, पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन कर्णे आणि एक माईक असा सगळा सरंजाम त्याच्या अंगणात. मग अध्यक्ष दुसरं कोण होणार? समितीने पुढे बरीच वर्षं नजर ठेवली. सभा संपली की काउंटीकडून सोडा आणि पाव मिळायचा, आणि त्या सोड्याच्या पेटीवर मात्र समितीची नजर अगदी डोळ्यांत तेल घालून असायची.

तसा हेझ्रोन वाईट नव्हता हो. पोटावर पाय येईल असं बोलायचं नाही, एवढंच त्याने धरून ठेवलं होतं. आमची काउंटी रस्तेवाल्याला रडवते, औषधवाल्याला झुलवते, पण मांडववाल्याचे शिलिंग कसे वेळच्या वेळी! रस्त्यावाचून पुढाऱ्याचं काही अडत नाही. मांडव नसला तर त्याने बोलायचं कुठे?

गावच्या दवाखान्यात एक खोली, एक नर्सबाई आणि तापाच्या गोळ्या. त्याच्यामागे प्रसूतिगृह बांधायचं ठरलं, आणि त्याच्यासाठी हेझ्रोनने तीनदा मांडव घातला. पहिल्यांदा पायाचा दगड बसवायला. दुसऱ्यांदा ‘दुसऱ्या टप्प्या’च्या शुभारंभाला, पहिला टप्पा कुठे गेला हे कुणी विचारलं नाही, कारण त्या दिवशी पावाऐवजी चपाती आणि मटण होतं. तिसऱ्यांदा थेट उद्घाटनाला. आता उद्घाटन म्हटलं की रिबीन, आणि रिबीन म्हटली की ती बांधायला दार. दार नव्हतं, कारण भिंत नव्हती. मग ती हेझ्रोनच्या मांडवाच्या दोन खांबांना बांधली. रिबीनसुद्धा त्याचीच. दर समारंभात कापली जायची आणि त्याची बायको तुर्फेना ती घरी आणून परत शिवून ठेवायची. वॉर्डाचे सदस्य, माननीय मेशाक ओडुमा यांनी कात्री चालवली, टाळ्या कडाडल्या, आणि मागच्या गवतात एक शेळी व्याली. त्या प्रसूतिगृहात झालेलं ते एकमेव बाळंतपण.

हसताय? हसा. पुढचं ऐका.

मागच्या साली हेझ्रोनच्या सुनेला, रिस्पाला, कळा लागल्या. नर्सबाई म्हणाल्या, इथे मी तिला निजवू कुठे, शहरात न्या. शहरात न्यायचं म्हणजे बोडा, भाड्याची मोटरसायकल. पुढे चालवणारा, मागे नवरा, आणि मधे ती पोटुशी पोर. रस्ता असा की धडधाकट माणसाची हाडं खिळखिळी व्हावीत. पुलावर पोचेपर्यंत ती मोकळी झाली. पोर रडलंच नाही. घरामागे केळीखाली त्याला पुरलं. हेझ्रोन म्हणाला, "देवाची मर्जी," आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात गव्हर्नरसाहेबांसाठी खांब रोवायला गेला.

आता रिस्पाला पुन्हा दिवस गेले होते आणि पोट चांगलं पुढे आलं होतं. तुर्फेनाने नवऱ्याच्या मागे धोशा लावला.

"अहो अध्यक्ष, जाब विचारा की! का खुर्च्या नुसत्या मोजून आणायच्या आणि मोजून न्यायच्या?"

पुढच्या सभेत हेझ्रोन उभा राहिला. "साहेब, ते प्रसूतिगृह... म्हणजे आमचं आपलं एक विचारणं..."

मेशाक ओडुमा गोड हसले. "जादुओंग, तुमच्यासारख्या वडीलधाऱ्याने असं विचारावं? प्रसूतिगृह पूर्ण झालंय. उद्घाटनाला टाळ्या वाजवणारे तुम्हीच ना?"

"पण साहेब, ते दिसत नाही."

"दिसत नाही? मग हरवलं असेल! मी बांधून दिलं, आता सांभाळायचं पण मीच? तुम्ही देखरेखवाले काय करत होता?"

सभा खो खो हसली. चोराच्या उलट्या बोंबा आणि वर सोडा फुकट! मेशाक जाताना हेझ्रोनच्या कानाशी वाकून म्हणाले, "पुढच्या महिन्यात गव्हर्नरसाहेबांचा मोठा दौरा आहे. मांडव तुमचाच ठरवलाय मी. उगाच माझ्या मनात काही येऊ देऊ नका."

हेझ्रोन घरी आला तो तोंड पाडून. तुर्फेना अंगणात मासे साफ करत होती. सगळं ऐकून घेतलं आणि तिने सुरी खाली ठेवली.

"काय म्हणाला तो? हरवलं?"

"हरवलं म्हणाला."

"मग अडलंय कुठे? माणूस सरोवरात बुडाला, हरवला, अंग सापडलं नाही, तर आपण काय करतो?"

हे काय सांगायला पाहिजे? यागोच्या झाडाचं ते लांबडं, जड फळ आणायचं, कापडात गुंडाळायचं, आणि माणूस समजून रीतसर पुरायचं. रडायचं, जेवण घालायचं, माती द्यायची. न पुरलेला जीव घराला स्वस्थ बसू देत नाही.

"वेडी झालीस का! इमारतीची माती?"

"मी वेडी? भिंत नसलेल्या घराचं उद्घाटन केलं ते शहाणे, आणि मी वेडी! तुम्ही फक्त त्याला बोलवा."

"आणि माझा धंदा? एकदा त्याने मनात धरलं की काउंटीचा एक खांबसुद्धा मिळायचा नाही. खायचं काय? खुर्च्या?"

तिकडे विहिरीपाशी रिस्पा खुर्च्या धूत होती. एक हात पाठीला लावून वाकत होती. तिने सगळं ऐकलं होतं. आमच्याकडे सून सासऱ्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलत नाही, ती खुर्चीकडेच बघत म्हणाली, "बाबा, एवढंच विचारायचं होतं. या वेळी पण पुलावरच का?"

अख्ख्या काउंटीच्या मयतींना मांडव घालणारा हा माणूस, स्वतःच्या नातवाला पुरताना त्याने एक खुर्ची मांडली नव्हती. एकही नाही. त्याला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला. त्याने फोन काढला.

"साहेब, शनिवारी आमच्याकडे माती आहे."

आता गंमत बघा. कोण गेलं, हे मेशाकनी विचारलंच नाही! आमच्या पुढाऱ्याला मयत म्हणजे मोफतची सभा. आयती गर्दी, आयता माईक, आणि समोरचे लोक उठून जाऊ शकत नाहीत. त्यांनी विचारलं ते एवढंच, "माणसं किती जमतील?"

"अख्खं गाव, साहेब."

"अरेरे, फार वाईट झालं. धीर धरा. मी बांधकाम मंत्र्यांनाच घेऊन येतो. कर्णे दोन्ही लावा."

आणि न येऊन सांगतात कुणाला? मातीला जो येत नाही, त्यानेच काहीतरी केलं असणार, असं आमच्याकडे बोललं जातं. खाई त्याला खवखवे.

शनिवारी दवाखान्याच्या मागे, जिथे तीनदा समारंभ झाला होता तिथेच, निळा मांडव उभा राहिला. खड्डा खणून तयार. मधोमध सुताराकडून आणलेली पेटी, वर पांढरं कापड. मक्याच्या पिठाच्या घट्ट उगालीचा आणि मटणाचा वास सुटला, आणि बरोब्बर त्या वासावर मोटारी आल्या. मेशाक ओडुमा काळा कोट घालून उतरले, मागून घाम पुसत मंत्री. बायांनी हंबरडा फोडला. काही बायांनी खांद्यावरचं कापड तोंडावर घट्ट दाबून धरलं होतं. मेशाकना वाटलं, दुःख आवरत नाहीय.

त्यांनी माईक हातात घेतला आणि डोळे मिटले.

"बंधुभगिनींनो, आज माझ्या घरचंच कुणी गेल्यासारखं वाटतंय. या जिवाला मी अगदी सुरुवातीपासून ओळखत होतो. या गावावरून गेलो आणि इथे थांबलो नाही, असं कधी झालं नाही."

"खरं आहे!" गाव ओरडलं. "तीनदा थांबलात!"

मेशाकना जोर चढला. "जे काही करायचं ते मी माझ्या हातांनी केलं. हे मंत्रीसाहेब साक्षीला आहेत. काउंटीने हात आखडता घेतला नाही. जी मदत आली, ती सगळी आम्हा दोघांच्या हातूनच गेली!"

"गेली, गेली!" मागून एक म्हातारा म्हणाला, आणि त्याला ठसका लागला.

"शेवटचं दर्शन घेऊ या," तुर्फेना म्हणाली, आणि तिने पेटीवरचं कापड काढून झाकण उघडलं.

आत यागोचं फळ. लाल रिबिनीत गुंडाळलेलं. दर वेळी कापलेली आणि दर वेळी शिवलेली ती रिबीन मेशाकनी ओळखली नसती तरच नवल. त्यांचं तोंड असं झालं की गरम उगालीचा गोळा गिळलाही जाईना आणि थुंकताही येईना.

हेझ्रोनने त्यांच्या हातातून माईक घेतला.

"साहेब, आमचं प्रसूतिगृह. तुम्हीच म्हणालात, हरवलं. आम्ही लेकीबाळींना घेऊन फार शोधलं, पुलापर्यंत गेलो. अंग सापडलं नाही. तर आज पुरतोय. आता रीतीप्रमाणे एकच विचारायचं. मयत कशाने गेलं?"

मंत्री उठले आणि मोटारीकडे बघायला लागले. तोच तुर्फेना मोठ्याने म्हणाली, "बसा हो मंत्रीसाहेब! माती द्यायच्या आधी कोण उठून जातं, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं." मंत्री मटकन बसले.

"हा काय पोरखेळ आहे!" मेशाक ओरडले. "माईक बंद करा!"

"माईक माझाय, साहेब," हेझ्रोन शांतपणे म्हणाला आणि माईक त्यांच्या तोंडाशी धरला. "कशाने गेलं?"

सगळं गाव मेशाककडे बघायला लागलं आणि त्यांचा धीर सुटला. "मला काय विचारता? पैसे मंत्र्यांच्या खात्यातून सुटले! ठेकेदार यांचा मेहुणा!"

"माझा मेहुणा?" मंत्री उसळले. "आणि तुमची ती नवीन मोटार कुठून आली? ‘अर्धं मला, मग सही’ असं कोण म्हणालं?"

"तुम्ही भिंती खाल्ल्या!"

"तुम्ही छप्पर खाल्लंत!"

दोन्ही कर्ण्यांतून हा हिशेब सरोवरापर्यंत गेला. हेझ्रोन माईक एकदा याच्या तोंडाशी, एकदा त्याच्या तोंडाशी धरत होता. जन्मात पहिल्यांदाच त्याच्या समितीने देखरेख केली. मग दोघांनाही खड्ड्यापाशी नेलं, माती टाकायला लावली, आणि गाव जेवायला बसलं. मोटारी न जेवता गेल्या.

पुढे काय झालं? चौकशी नेमली. चौकशीसाठी शहरात मांडव घातला, तो दुसऱ्या कुणाचा. हेझ्रोनचं काउंटीचं काम बंद झालं. गव्हर्नरचा दौरा झाला, त्यालाही दुसराच मांडव. अंगणात खुर्च्यांची चळत उन्हात वाळत पडली आणि कोंबड्या तिच्यावर बसायला लागल्या. तुर्फेना पहाटे उठून बाजारात मासे विकायला जायची. हेझ्रोन आठवडाभर चळतीवरच्या कोंबड्या हाकत बसला. मग एके सकाळी त्याने सगळ्यात जाड कापडाचा मांडव गाडीवर घातला, दवाखान्याच्या मागे नेला आणि त्या थडग्याशेजारी रोवला. चारही बाजूंनी कनाती लावल्या. गावाने खाटा आणल्या, पाण्याचं पिंप आणलं. नर्सबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "भिंती असत्या तर बरं होतं. पण निजवायला जागा तर झाली."

रिस्पा तिथेच बाळंत झाली. मुलगी. आली तीच अशी किंचाळत की बाहेर उभ्या हेझ्रोनला वाटलं माईक चालू राहिलाय. तो मटकन खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला, आणि कोण बघतंय याची त्याने पर्वा केली नाही.

थोड्याच दिवसांत मोटार आली. आयत्या बिळावर नागोबा! मेशाक ओडुमा, फोटोवाला आणि कात्री. कोडुंबाच्या प्रसूतिगृहात बाळंतपणं सुरू झाली, ही बातमी वर पोचली होती. निवडणूक जवळ आली होती.

"जादुओंग, झालं गेलं विसरू," मेशाक हेझ्रोनच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "काउंटीच्या वतीने उद्घाटन करून टाकू. तुमचं काम पुन्हा सुरू करतो. तेवढी ती रिबीन काढा पाहू."

हेझ्रोनने त्यांचा हात खांद्यावरून खाली उतरवला. कनातीच्या आत त्याची नात पुन्हा रडायला लागली होती. तेवढ्यात तुर्फेना बाहेर आली आणि तिने ऐकलं.

"रिबीन?" ती म्हणाली. "ती त्या मयताबरोबर दिली साहेब. इथेच आहे, तुमच्या पायाखाली." आणि तिने कनातीला टेकवून ठेवलेलं फावडं उचलून त्यांच्या हातात दिलं.